एक पाटा जास्तीचा

३ फेब्रुवारी २०२५
गाडी माही सून चालवते आणि अक्कल माहा पोरगा शिकवते. प्रेमानंदची कंबर धरली तवापासून सरिताच कांदे-बटाट्याचे कट्टे भरून खापरखेड्याच्या बाजारात नेते. व्हॅन मागून बसली आहे, कुत्रं बसते तशी. सरिता म्हणे, "आत्याबाई, वळणावर गाडी माह्या हातात राहत नाही." प्रेमानंद म्हणे, "तुले चालवताच येत नाही." हा खाटेवरून बोलते.

५ फेब्रुवारी
गोविंदा मिस्त्री आला. गाडीखाली वाकून त्यानं चाकावरची कमान दाखवली — लोखंडी पट्ट्यावर पट्टे. त्याले पाटे म्हणतात. एक पाटा वाढवू म्हणे. पण बजावून गेला, "भाऊ, पाट्यानं गाडी बसणार नाही, डोलणं मात्र राहीन. त्याले शॉकअप बदला, अन् वजन खाली ठेवा."
प्रेमानंदनं पाटा तेवढा ऐकला.

८ फेब्रुवारी
पाटा टाकला.

९ फेब्रुवारी
गाडी मागून अशी उचलली की भरली तरी रिकामी दिसते. मंग काय! "पाह्य माय, अजून दम आहे हिच्यात," म्हणून यानं हमालाकडून छपरावर सहा कट्टे चढवून घेतले. मी म्हटलं, तुह्या बापानं बैलबंडीत कधी वर गोटे अन् खाली हवा भरली काय? तर म्हणे, "बाबाच्या बंडीले पाटे कुठं होते?" मले हसू आलं. हसायले नको होतं.

१४ फेब्रुवारी
सरिता जेवली नाही. आज वळणावर एका बाजूचं चाक उचललं म्हणे. माही नात रितिका म्हणे, "आजी, बाबाले सांग ना." सांगितलं. भिंतीले सांगितलं. सरिताले म्हटलं, नको जाऊ वं उद्या. "मंग माल काय तुम्ही नेता, आत्याबाई?" उद्याचा माल भरलेला होता. छपरावरचे सहाही कट्टे तिनं एकटीनं उतरवले, ओट्यावर ठेवले.

१५ फेब्रुवारी
सकाळी ओटा रिकामा. सहाही कट्टे पुन्हा वर; यानं पहाटेच हमाल बोलावला होता. सरितानं प्रेमानंदकडे पाहिलं, चाबी फिरवून गेली.

१६ फेब्रुवारी
सरिता गेली. काल नाल्याच्या वळणावर गाडी उलटली. पोलिसायले प्रेमानंद म्हणे, "बाईनं वळण जोरात घेतलं." मी दारातच उभी होती.
खापरखेड्याहून तिच्या मायचा फोन वाजून राहिला. "माय, तूच उचल," प्रेमानंद मले म्हणते. फोन त्याच्या मांडीवर ठेवला. रितिकालेही सांगितलं, हात लावू नको, कट्टे कोणी चढवले ते तुह्या बापालेच सांगू दे.
उचल गा.