टॉलिव्हरला नववा क्रमांक

रविवार, ६ ऑक्टोबर २००२
कॉलेज फुटबॉलच्या पोलमध्ये देशभरातून साठ पत्रकार मत देतात. त्यातला एक मी, ऑर्व्हिल टेट. पहिल्या टीमला पंचवीस गुण, दुसरीला चोवीस, असं उतरत पंचविसावीला एक. साठ जणांची बेरीज म्हणजे देशाची क्रमवारी. भावनेला थारा नाही.

टॉलिव्हर कॉलेज सगळे सामने जिंकलंय. मी नववा क्रमांक दिला. बचाव कच्चा वाटतो.

माझी मुलगी लोर्ना तिथेच शिकली, पण त्याचा संबंध नाही. लहानपणी रविवारी माझ्या शेजारी बसून यादी लावायची. टॉलिव्हर खाली गेलं की कडाकडा भांडायची. मार्चपासून तिचा फोन नाही. आपण आधी करायचा नाही, हे पक्कं.

सोमवार, ७ ऑक्टोबर, रात्री
माझी यादी पेपरात छापून आली. खाली माझा घरचा फोन नंबर. लोर्नाच्या घरीही हा पेपर सकाळी पडतो, आणि सोमवारी तिला हॉस्पिटलची सुट्टी.

अकरा फोन. सगळे टॉलिव्हरवाले. प्रुइट नावाचा रिटायर्ड प्लंबर म्हणाला, अरे म्हाताऱ्या, चष्मा घरी विसरलास की डोकं? बत्तीस मिनिटं. फार त्रास झाला. जेवायला केलेली चिली गार झाली. लोर्नाचा फोन नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर
टॉलिव्हर अठरावं. आठच गुण. देशात नऊ गुणांनी त्यांचा पहिला नंबर गेला, आणि सतरा तर मी एकट्याने कापलेले! तेवीस फोन. प्रुइट पन्नास मिनिटं. बायको गेल्याला दोन वर्षं झाली म्हणे. मीच विचारलं. आपला नंबरही देऊन ठेवला त्याने.

फोन कंपनीची बाई म्हणाली, बोलताना दुसरा फोन आला तर कळायची सोय बसवू का? म्हटलं, बाई, एका वेळी दोघं कोण करणार मला?

सोमवार, २१ ऑक्टोबर
टॉलिव्हर यादीबाहेर. शून्य. संपादकबाई म्हणाल्या, ऑर्व्हिल, लाज आणलीस. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

संध्याकाळी पाच ते रात्री दहा फोन खाली ठेवता आला नाही. लोर्ना गप्प म्हणजे भयंकर चिडलेली असणार. चांगलं लक्षण आहे.

सोमवार, ४ नोव्हेंबर
आज आपणच लोर्नाला फोन करायचा ठरवलं होतं. लाइन मोकळी मिळेना.

बुधवार, २० नोव्हेंबर
लोर्नाचं कार्ड. लिहिते, "डॅड, दर सोमवारी फोन लावतेय, दर वेळी एंगेज. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुमच्याकडे येऊ का, विचारायचं होतं. पण इतकं बोलायला कुणीतरी आहे म्हणजे तुम्ही एकटे नाही. खूप बरं वाटलं. मी आणि मार्क त्याच्या आईकडे जातोय. ता. क. फुटबॉल बघणं मी केव्हाच सोडलं. टॉलिव्हर कसं खेळतंय?"

कार्ड चार वेळा वाचलं. रडू आलं. सर्दी असावी.

सोमवार, २५ नोव्हेंबर
टॉलिव्हर पहिलं. पंचवीस गुण. निव्वळ खेळ पाहून.

पाच ते नऊ फोनशेजारी बसलो. एकदाही वाजला नाही. शेवटी लोर्नाला लावला, मशीन लागलं. निरोप ठेवला की टॉलिव्हर छान खेळतंय.

गुरुवार, २८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
टर्कीचा तयार पाय गरम केला. प्रुइटला फोन केला, सहज. त्याच्या मुलीने उचलला. मागे ताटल्यांचा आवाज, हसणं. म्हणाली, जेवायला बसलोय, डॅडना कोण म्हणून सांगू?

म्हटलं, राँग नंबर.

रविवारी पुन्हा यादी द्यायची आहे. टॉलिव्हरला नववा द्यावा म्हणतो. बचाव अजूनही कच्चाच वाटतो.