दोरीनं बांधलेला झरोका

१३ मे १९७४
लागली बाप्पा नोकरी! लकडगंजात, लाकडाच्या व्यापाऱ्याकडे टायपिस्ट. हापिसात आम्ही दोघंच, मी आणि हेडक्लार्क बाबाराव. बाहेर अंग भाजतंय आणि आत वाळ्याचा कूलर, म्हणजे चैनच. फक्त खोली फार दमट. कूलर हवा आत लोटतो, मग तिला बाहेर जायला वाट नको? दार-खिडक्या बंद. मागच्या गोदामाकडे एक झरोका आहे, त्याची झडप दोरीनं करकचून बांधलेली. काहून म्हणून विचारलं, तर बाबाराव म्हणाले, राहू द्या ना बाई, तो उघडत नसतो.

१५ मे
कागद ओले, डोकं जड. चिडून दोरी सोडली. हवा कशी सरळ झरोक्याकडे धावली, खोली कोरडी झाली. डबा खाऊन आले तर पुन्हा बांधलेली. मी पुन्हा सोडली. ते बांधतात, मी सोडते. बघू कोण थकतं ते.

१७ मे
झरोका उघडा असला की मला धाप लागते. गोदामाला खिडकी नाही, तरी झरोक्यापाशी धरलेला कागद पलीकडे ओढला गेला. ते पाहून बाबाराव घाबरले आणि एकदाचं बोलले. मागल्या उन्हाळ्यात इथला टायपिस्ट श्रीधर जेवण करून गोदामात फळ्यांवर झोपला. यांनी आत न बघता बाहेरून कडी घातली अन् इथे गारव्यात बसले. तो झरोका ठोकत राहिला असन, पण कूलरच्या घरघरीत मले ऐकूच नाही आलं, म्हणाले. संध्याकाळी कडी काढली तर तो गुदमरून गेलेला. आता तो हवा मागून राहिला बाई, अन् त्याचं थोडक्यात भागत नाही.
भीती वाटली. त्याहून संताप आला. जीव घेतला तो घेतला, वर मेल्यावरही त्याच्या तोंडावर दोरी बांधतात.

१८ मे
नाही बांधू देणार. बाबारावांनी हात जोडले. मी टेबलावर चढून झडपच उपटली, बिजागऱ्यांसकट. आता बांधा म्हणावं.

२० मे
बाबाराव आले नाहीत. कूलर भरधाव, तरी खोलीत हवा पुरेना. कागद सगळे झरोक्याकडे —
दार बाहेर उघडतं. ढकललं, हलत नाही. खिडक्याही तशाच. कडी काढलेलीच आहे. आतून कोणी ओढून धरल्यासारखं —
कूलर बंद करू? मग हीसुद्धा हवा —
ओरडले. या घरघरीत कोण ऐकतं.
रडणार नाही मी. दोरी तर मुळीच बांधणार नाही. मोठ्यानं सांगितलं त्याला, घे गा श्रीधर, तुझ्या हक्काची आहे. पण माझ्यापुरती जरा —