पाण्यात धरलेला श्वास

बाबा, मालदीवहून येऊन आठ दिवस झाले, तरी माझं बूड घरात कुठे टेकत नाही. कपाटं दोनदा लावून झाली. आमोण्याच्या या खिडकीतून मांडवी नदी दिसते. मी तिच्याकडे पाठ करून बसते आणि दहा मिनिटांत उठून पुन्हा तिच्याकडेच बघते. पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, ते मला कळतं. म्हणून लिहायला बसले.

मांटा बघायला गेले होते. मांटा हा मासा म्हणजे आपल्या वागळ्याची, पाकटाचीच जात, फक्त पंखांचा पसारा आपल्या ओसरीएवढा आणि शेपटीला काटा नाही. हे खूळ तूच घातलंस. तू खनिजाच्या बार्जवर होतास. पंख्यात दोर अडकला की कोयता घेऊन बार्जीखाली जायचं काम तुझं, कारण तुझ्याइतका श्वास कुणाला धरता यायचा नाही. मुरगावच्या बंदरात एकदा असाच दोर कापत असताना तुझ्याखालून काहीतरी गेलं. घरी येऊन तू म्हणालास, "व्हडलें वागळें गो, आंगणाएवढें." आईने चुलीवरून मानही वळवली नाही. "मग एक तुकडा तरी हाडायचा होतास. सगळ्या वाड्याला आंबट-तिखट झालं असतं." तू हसलास, पण जेवताना हात पसरून त्याचा पसारा पुन्हा मोजलास. तू खोटं सांगत नव्हतास हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी आठ वर्षांची असताना तू मला खाजनाच्या मानशीपाशी, खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारापाशी, पाण्यात उतरवलंस. माझ्या डोक्यावर तुझा हात आहे, नाकातोंडात खारट पाणी आहे, मी धडपडून वर येते आणि तू ओरडतोस, "श्वास धर गो! सोडू नाका! सोडलास की गेलीस." मग मी घरी न्हाणीतल्या भाणात, अंघोळीच्या पाण्याच्या हंड्यात, तोंड बुडवून सराव करायची. आई पाठीत धपाटा घालायची, "बापाशीसारखी बार्जीखाली जातलीस काय?" उन्हाळा संपेपर्यंत मी साठ आकडे पाण्याखाली मोजायला लागले.  दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी काकणां आणलीस, बेकरीतली, कडक, कंकणासारखी. कौतुक करायची तुझी तीच रीत.

आता हे ऐक. पाठीवर हवेची टाकी बांधली की पहिला नियम बरोबर उलटा असतो: श्वास कधीही धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, धरून ठेवली तर फुफ्फुस फाटतं. शिकवणारी मुलगी मालवणची होती, माझी विद्यार्थिनी शोभेल इतक्या वयाची. तीन दिवस तिने हेच घोकून घेतलं. मी वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

चौथ्या दिवशी आम्ही खडकाला धरून बसलो होतो. समोर निळा अंधूकपणा. त्यातून तो आला, काही घाई नसल्यासारखा, आणि माझ्या डोक्यावरून गेला. पोट पांढरं, कल्ल्यांच्या फटी उघड्या, बारीक मासे त्याला चिकटून साफसफाई करत होते. आणि मी, बाबा, छाती भरून श्वास घेतला आणि धरला. ठरवून नाही. खडकावरचा हात सुटला, मी फुग्यासारखी वर जायला लागले, आणि मला तेही कळत नव्हतं. मी आकडे मोजत होते. त्या मुलीने माझा पाय खेचला, छातीवर हात दाबला, तेव्हा कुठे बुडबुडे सुटले.

होडीत चढल्यावर ती माझ्यावर ओरडली. "काकी, श्वास धरलात! तीन दिवस मी काय सांगतंय? फुफ्फुसा फुटली असती म्हणजे?"

मी म्हटलं, "सवय आहे गं."

"सवय घराकडे ठेवून येवचा. उद्या तुमी पाण्यात नाय."

उद्याचा दिवस शेवटचा होता. मी खोकत होते, पण कुणापुढे न वाकणारी मी चक्क गयावया केली. शेवटी विचारलं, "हे बेटावरचे डॉक्टर म्हणतात की तू म्हणतेस?"

तिने माझ्या डोळ्याला डोळा दिला. "मीच म्हणतंय. डॉक्टरांका अजून विचारूक पण नाय. राग धरायचो तर माझ्यावर धरा."

दुसऱ्या दिवशी होडी माझ्याशिवाय गेली. मी वाळूवर येरझाऱ्या घालत राहिले, आणि तिथेच मला तुझी शेवटची दोन वर्षं दिसली. छाती भरून आलेली, काठी हातात, आणि रोज दुपारी नदीकडच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणारा तू. "नुसतो गुडघाभर जातां," म्हणायचास. मी शाळेतल्या आवाजात सांगायची, डॉक्टरांनी पाणी वर्ज्य केलंय. तू त्या डॉक्टरवर दातओठ खायचास, पण माझं ऐकायचास.

त्या पोरीने "मीच म्हणतंय" या एका वाक्यात जे केलं, ते मला दोन वर्षांत जमलं नाही. हा कागद मी कुठे पाठवणार, आणि तू असतास तरी पाठवला असता असं नाही. डॉक्टर फक्त म्हणाले होते, पाण्यात उतरताना कुणीतरी सोबत असू दे. शाळेतून येऊन तुझ्याबरोबर काठावर उभं राहायचा मला कंटाळा होता.