अडुसष्ट टक्के, अकरा दिवस

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. पाणी विभागातल्या पंपकाकांनी मशीनला गार पाणी पुरवणाऱ्या चिलरची गाळणी वेळेवर धुतली नाही म्हणून हॉस्पिटलच्या एमआरआयच्या चुंबकाभोवतीचं थंड हेलियम उडून गेलं, असं मी कळवलं होतं. ते खरं नाही. गाळणी तुंबल्याचं त्यांनी मला सोमवारी सांगितलं होतं, मंगळवारी पुन्हा सांगितलं. "ताई, पाणी दमलंय. सही द्या, अर्ध्या तासात लाइन मोकळी करतो," म्हणाले. माझ्या सहीशिवाय त्यांना पाणी बंद करता येत नाही, हे माझ्याआधी याच खुर्चीवर बसलेल्या तुम्हाला ठाऊकच आहे. मी दोन्ही वेळा "उद्या बघू" म्हटलं.

रोज सकाळी आत जाऊन आकडे घेतले, असंही लिहिलं होतं. तेही खोटं. मंगळवार ते शुक्रवार मी मशीनच्या मागच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. हेलियमची पातळी काल बहात्तर टक्के होती, म्हणजे आजही बहात्तरच असणार, असं धरून बाहेरच्या बाकावर बसून चारही दिवस बहात्तर लिहिलं. पाणी मिळेना म्हणून आत कॉम्प्रेसर केव्हाच बंद पडला होता आणि त्या जाड दाराआड अलार्म एकटाच बोंबलत होता. शनिवारी दार उघडलं तर आकडा एकोणसाठ.

मी लहान असताना सुट्टीच्या सकाळी तुम्ही मला त्याच दाराला कान लावून उभं करायचात. आतून चिव्-चिव्, चिव्-चिव् असा आवाज यायचा. चुंबकाला गार ठेवणारं ते यंत्र. "घरी एक चिऊ, इथे एक. दोघींपैकी एक जरी गप्प झाली तरी समजायचं, काहीतरी बिनसलंय." शाळेत जायच्या आधीच तुम्ही मला फ्रीजच्या पाठीला हात लावायला लावून शिकवलंत की थंडी कुणी तयार करत नसतं, आतली ऊब बाहेर नेऊन टाकायची असते, आणि नेणारा थांबला की सगळं थांबतं. एवढं शिकलेली तुमची लेक चार दिवस त्या दारावरून गेली आणि आतली चिमणी गप्प आहे हे तिला ऐकूही आलं नाही. माझ्याकडे कारण म्हणावं असं काही नव्हतं. बैठका होत्या, कंटाळा होता, बस्स.

मशीन पाच दिवस बंद राहिलं. एका बाईंचं ऑपरेशन त्यापायी पुढे ढकलावं लागलं. त्या रोज येऊन खिडकीपाशी विचारायच्या, "आज झालं का सुरू?" आणि मी काचेआडून मान हलवायची. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाण्याचं खातं माझ्याकडे नाही. एवढंच. पुढचं सगळं त्यांनीच जुळवलं. पंपकाकांना घरी बसवलंय. त्यांच्या सेवापुस्तकात आधीचा एक शेरा आहे, आणि दुसरा पडला की नोकरी जाते.

तुमचं उत्तर आलं. "तो पहिल्यापासून तसाच आहे, मनाला लावून घेऊ नकोस." बाबा, ते वाचून मला बरं वाटलं होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

मग पातळी एरवी किती उतरते ते पाहायला चौकशीवाल्यांनी जुनी रजिस्टरं मागवली. माळ्यावरून ती मीच काढली. आई अंथरुणाला खिळली होती तो महिना मी उघडला, आकड्यांसाठी नाही, तुमचं अक्षर बघायला. अडुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट. अकरा दिवस अडुसष्ट, सगळे एकाच शाईत, एका दमात लिहिल्यासारखे. बाराव्या दिवशी छप्पन्न, आणि शेजारी तुमचाच शेरा: पाणी विभागाचा हलगर्जीपणा. त्यानंतरचा तुमचा प्रत्येक आकडा दशांशासकट आहे, निवृत्तीच्या दिवसापर्यंत. "आधी डोळे, मग पेन" हे तुमचं वाक्य मशीनवरच्या पोरांनी खोलीच्या दारावर रंगवून ठेवलंय. ते तुम्हाला कुठून सुचलं, हे मला त्या पानावर कळलं.

काल पंपकाकांच्या घरी गेले. मला वाटलं, दारातूनच हाकलतील. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी रडायला लागले तर म्हणाले, "अहो ताई, पंपाला गळती चालते, माणसाला नाही. चहा घ्या." मी त्या जुन्या पानाचं सांगितलं, तेव्हा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तेव्हा तुमच्या घरात आजारपण होतं. साहेब आकडे कुठून बघणार? म्हणून बोललो नाही. एक शेरा तर होता, त्याने काय होतंय." बाबा, त्यांना सगळं माहीत होतं. इतकी वर्षं ते तुम्हाला रोज नमस्कार करत होते.

तुमच्यापाशी कारण होतं. तुमच्या जागी मीही आईच्या उशाशीच बसले असते. म्हणून हे पत्र जाब विचारायला लिहिलेलं नाही. पण नुसती माझी चूक सांगून पंपकाका सुटत नाहीत. त्या पानावरून पडलेला पहिला शेरा राहिला तर त्यांच्याकडे संशयानेच बघतील. ते पान मी फाडणार नाही, आणि आता झाकणारही नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. आज शुक्रवार आहे, सोमवारपर्यंत पत्र तुमच्या हातात पडेल. तुम्ही आलात तर मी फाटकाशी थांबेन. नाही आलात तरी रागावणार नाही, पण थांबणारही नाही. दोन्ही रजिस्टरं घेऊन मी हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंच्या खोलीत जाणार आहे, येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी अकरा वाजता.

तुमचीच,
घरची चिऊ