एकुलत्या एका भावास

लेखकमहाशय, म्हणजे माझ्या धाकट्या भावा,

काल वाचनालयात तुझ्या वाचकभेटीला मी मागच्या रांगेत बसले होते. प्रेम, पूर्वज, 'मी कोण' यावर तू झकास बोललास. मग एका बाईंनी विचारलं, "आजारी आईचं सगळं एकट्याने करताना तुम्ही खचला नाहीत?" तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, "एकुलत्या एकाने खचून कसं चालेल?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने.

तुझ्या कादंबरीतल्या मुलाला बहीण नको होती, हे मी समजू शकते. पण बाईंनी प्रश्न कादंबरीतल्या मुलाला विचारला नव्हता, तुला विचारला होता.

नंतर मी सहीच्या रांगेत उभी राहिले. मान वर न करता तू विचारलंस, "नाव काय घालू?" मी म्हटलं, "'आई' एवढंच लिहा." तू 'आईस, सप्रेम' असं लिहून पुढच्याचं पुस्तक ओढलंस. अकरा वर्षं तिचं अंथरूण-पांघरूण बदलणाऱ्या बहिणीचा आवाजसुद्धा तुला ओळखू आला नाही.

आज आईची वेणी घालून झाल्यावर मी तिला तुझं पुस्तक वाचून दाखवलं. मुलगा आईची वेणी घालतो, तेच प्रकरण. तिला आता फारसं काही आठवत नाही. डोळे टिपत ती म्हणाली, "किती केलं गं पोरानं माझं!"

फणी अजून माझ्या मांडीवरच होती.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर पुढच्या पुस्तकात तेही तूच लिहिलेलं असेल.

तुझी,
पुस्तकात न मावलेली ताई