पक्ष्यांनी आणलेली माती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, दीपगृहाचा निवृत्त राखणदार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला ऐकू कमी येते, समजते मात्र सगळे. माझ्यावर दबाव आणायला या बेटावर दुसरे कोणी राहतच नाही.

१. दिवा यंत्रावर चालू लागल्यावर खात्याने राखणदाराचे दोन खोल्यांचे घर आणि मागचा भाजीचा वाफा विकायला काढला, ते दोन्ही मी घेतले. हे सर्व माझ्या पत्नीला मिळावे. ती बरीच वर्षे किनाऱ्यावर आपल्या बहिणीकडे राहते. आमचा घटस्फोट झालेला नाही. भांडणही एकदाच झाले.

२. वाफ्याबद्दल लिहिणे भाग आहे, कारण तिला तो उजाडच आठवत असेल. बेट म्हणजे मुळात नुसता खडक. पक्षी समुद्रातली मासळी खाऊन येत, कपारींत घरटी करत आणि तिथेच शिटत. पावसाबरोबर ते खाली उतरे. त्यावर गवत, गवतात किडे, आणि आमचा घेवडा. उरलेसुरले समुद्रात वाहून जाई, त्यावर शेवाळ वाढे, शेवाळावर मासळी, आणि ती पुन्हा पक्ष्यांच्या पोटात. एवढे सगळे आपल्यासाठी चालले होते, हे मला पक्षी गेल्यावर कळले.

३. माझ्या धाकट्या भावाला दुर्बीण द्यावी. कोठीत उंदीर झाले म्हणून मांजरांची जोडी त्यानेच आणली. त्याचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. याहून जास्त त्याने माझ्याकडून मागू नये. मांजरांचा सुळसुळाट झाला. आधी उंदीर संपले, मग पक्ष्यांची पिल्ले. पक्षी यायचे थांबले. काही वर्षांत गवत विरळ झाले, घेवडा पिवळा पडून गळाला. भाऊ म्हणाला, "दादा, खताची पोती पाठवतो." पाठवलीही. दोन पावसांत ते खत वाहून गेले आणि परत आणणारे कोणी नव्हते.

४. मांजरे धरायचे पिंजरे होडीवाल्याला द्यावेत. मी धरायचो, तो बंदरावर नेऊन सोडायचा. शेवटी एकच मांजर राहिले, ते पत्नीचे. आम्हाला मूल नव्हते. ती म्हणाली, "तुम्हाला पक्षी हवेत. मला मांडीवर येऊन बसणारं कुणीतरी हवंय."

मी म्हणालो, "एक ठेवलं तरी पक्षी येणार नाहीत."

"मग माझीही सोय तिकडेच करा."

ती आणि मांजर त्याच होडीने गेली. मला वाटले, महिनाभरात राग उतरेल.

५. बँकेतली शिल्लकही पत्नीचीच. भावाने त्यात लक्ष घालू नये.

६. पक्षी परत यायला फार वर्षे लागली. पहिल्या वर्षी एकच जोडी उत्तरेच्या कड्यावर बसली, तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हते. आता तो कडा पांढरा झाला आहे आणि घेवडाही धरू लागला आहे. गेल्या हंगामात मी शेंगांची पिशवी होडीवाल्याबरोबर तिला पाठवली. पिशवी धुऊन, घडी घालून परत आली.

मी विचारले, "काही म्हणाली का?"

"वहिनींनी विचारलं, एकटेच जेवतात का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आणखी कोण आहे तिथं?"

७. वकिलांच्या सल्ल्याने पुढच्या प्रत्येक मालकावर अट घातली आहे, की बेटावर मांजर आणू नये. माझ्या पत्नीला ही अट लागू नाही. दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांना मी बारीक जाळी बसवून घेतली आहे, दाराला आतून आणखी एक दार केले आहे. तिचे ते मांजर आता नसणार. दुसरे असले तर त्याला घरातच ठेवावे. सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीत बराच वेळ असते.

ठिकाण: बेटावरील राहते घर
दिनांक: ७ मार्च

लिहून ठेवणार: (सही) राखणदार

आमच्या समोर वाचून सही केली:
साक्षीदार १: (सही) बंदरावरचे डॉक्टर
साक्षीदार २: (अंगठा) होडीवाला