तू रुळवलेल्या बुटांबद्दल

प्रिय मेहुणेबुवा,

आशीर्वाद. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. घरी सगळे खुशाल असालच. तुझ्या पायांची चौकशी करत नाही, त्यांची सगळी खबर मला माझ्या टाचांनी दिली आहे.

नवे बूट महिनाभर वापरून रुळवले की लांबच्या चालीत फोड येत नाहीत, हे मी एका मासिकात वाचलं होतं. आता मी पडलो दिवसभर स्टुलावर बसून घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मी बूट रुळवणार कुठे? दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मी आठवडाभर चालवून बघतो. त्याच न्यायानं बूट तुला दिले. तू पोस्टमन, रोजची पायपीट, शिवाय आपलं मापही एकच. यात वावगं काय होतं? (तुझ्या ताईला दिसलं. तिला माझ्या श्वास घेण्यातही वावगं दिसतं.) पण तू डावा पाय वाकडा टाकतोस, हे लग्न ठरवताना तुमच्याकडचं कुणी बोललं नव्हतं.

गेल्या रविवारी आमची तीस किलोमीटरची चाल होती, आणि तिसऱ्या किलोमीटरलाच टाच चुरचुरायला लागली. आमच्या चालणाऱ्यांच्या कंपूत शहाण्यांना तोटा नाही. त्यातले एक दंतवैद्य जाड मोज्याच्या आत पातळ मोजा घालतात. ताईनं तर निघण्यापूर्वीच टाचांना चिकटपट्टी लावली होती. फोड यायच्या आधीच पट्टी, म्हणजे दुखायच्या आधीच दात काढण्यातली गत. चुरचुरतंय तिथेच थांबा, मोजे बदला, पट्टी लावा, असं ती मलाही सांगत होती. मी म्हटलं, चालू घड्याळ मी उघडत नसतो. अकराव्या किलोमीटरला फोड घड्याळाच्या काचेएवढा झाला आणि मी एका बंद लाँड्रीसमोरच्या बाकावर बसलो.

ताई दंतवैद्यांबरोबर पुढे निघून गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटपर्यंत पोहोचणाऱ्याला पितळी बिल्ला मिळतो, त्यासाठी ती तीन महिने रोज पहाटे चालत होती. बिल्ल्यापुढे नवऱ्याची काय किंमत! दुपारी चालणाऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या गाडीत बसून मला न्यायला आली ती हात हलवत. म्हणे, बिल्ले संपले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

असो. तू आता तरी सरळ चालायला शीक.

तुझा (लंगडा) भावोजी

ता. क. तुला इतक्या वर्षांत एकदाही फोड आला नाही म्हणे. काय करतोस ते सविस्तर लिही. पट्टी आडवी लावायची की उभी? पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाक, ताईला कळता कामा नये.

पुन्हा ता. क. बूट तुलाच पाठवतोय. तुझ्या पायाला बसलेत.

आणखी एक. काल दंतवैद्य घड्याळाचा सेल बदलायला आले होते. ते म्हणाले, बिल्ले ढीगभर उरले होते. ताई सव्विसाव्या किलोमीटरवरून मागे फिरली, मी बाकावर एकटाच बसलो असेन म्हणून. पुढच्या महिन्यात पुन्हा चाल आहे आणि मला तिच्याबरोबर तिसाव्यापर्यंत पोहोचायचंय. उत्तराला उशीर करू नकोस.